मधल्या पाच हातांचा प्रश्न

पूर्वी दूरचित्रवाणी संच घरात आणून बसवला की पाहणाऱ्याचे काम संपत असे. मुंबई केंद्राचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, १९८२ मध्ये देशात रंगीत प्रक्षेपण आले, पुढे केबल आली, मग घरांवर डिश बसल्या. या सगळ्या स्थित्यंतरांत एक गोष्ट मात्र कायम राहिली. चित्र दुसरा कोणी तरी पाठवीत असे आणि आपण ते पाहत असू. आज ही स्थिती पालटली आहे. चित्र आपल्याच हातात असते. फोनमध्ये असते, संगणकात असते. समोरच्या भिंतीवर दूरचित्रवाणीचा मोठा पडदाही असतो. प्रश्न उरतो तो मधल्या पाच हातांचा. हे चित्र इथून तिथे न्यायचे कसे, आणि त्यासाठी कोणते उपकरण घ्यायचे?

बाजारात या प्रश्नाला डझनभर उत्तरे आहेत आणि प्रत्येक उत्तराची किंमत निराळी आहे. साहित्याच्या विद्यार्थिनीने या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण पुढे येईलच. परंतु आरंभीच एक गोष्ट सांगते. हा विषय विजेच्या अभियंत्यांचा आहे असे समजून आपण तो दुकानदारावर सोपवतो आणि तिथेच फसतो. थोडा गुणाकार-भागाकार येणाऱ्या कोणालाही तो समजण्यासारखा आहे.

प्रश्न कसा उद्भवला

गेल्या शिमग्यात आमच्या वाडीचे नमन झाले. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाचकांना नमन म्हणजे काय हे सांगायला नको. मृदंगाच्या तालावर गण, मग गौळण, मध्येच मुखवटा घालून येणारा संकासुर आणि शेवटी वग. माझी आजी लहानपणापासून दर शिमग्याला नमन पाहत आली. या वर्षी गुडघ्यांमुळे तिला सहाणेपर्यंत चालवेना आणि ती घरीच राहिली. मुंबईहून आलेल्या माझ्या चुलतभावाने म्हणूनच सगळे नमन फोनवर टिपले आणि तुकडे जोडून दोन तासांची एकच फाइल माझ्या जुन्या लॅपटॉपवर उतरवून दिली. आजीपुढे लॅपटॉप ठेवला. तिचे एका डोळ्याचे ऑपरेशन झालेले, दुसऱ्याचे व्हायचे. थोडा वेळ पाहून ती म्हणाली, "बाय, ह्यात मानसं मुंगीएवढी दिसतात. आपल्या टीव्हीवर नाय लावता येत?"

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे बँकेचा फॉर्म असो, विजेचे बिल असो की औषधाच्या बाटलीवरचे बारीक अक्षर असो, मी सांगेन ते घरात प्रमाण मानले जाते. वडील म्हणाले, "तू कॉलेजात जातेस. काय आणायचं ते तूच ठरव." आंब्याच्या पेट्या भरण्याच्या मजुरीतून बाजूला ठेवलेले पैसे त्यांनी माझ्या हातावर ठेवले.

मी शहरातल्या एका दुकानात गेले आणि विचारले, "लॅपटॉपवरचं टीव्हीवर दिसायला काय लागतं?" दुकानदाराने टीव्हीच्या मागे लावायची एक स्टिक दाखवली. किंमत तीन हजारांच्या वर. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'फोर के' लिहिले होते. एवढी महाग आहे त्या अर्थी चांगलीच असणार, असा विचार करून मी ती घेतली.

घरी येऊन लावली तर तिने पहिल्यांदा इंटरनेट मागितले. आमच्या वाडीत तारेचे इंटरनेट अद्याप आलेले नाही. मी फोनचा हॉटस्पॉट सुरू केला. स्टिकने आधी स्वतःचीच दुरुस्ती उतरवून घेतली. मग चालते का ते पाहायला एक चित्रपट लावला, तर थोड्याच वेळात त्या दिवसाचा सगळा डेटा संपला. मध्येच ती आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होई. नमन लॅपटॉपवर होते, ते लॅपटॉपवरच राहिले. वडील काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे वाटले असते.

त्यानंतरचा महिनाभर मी हा विषय समजून घेण्यात घालवला. त्या महिन्यात जे समजले तेच पुढे मांडले आहे.

चित्र म्हणजे किती माहिती?

दूरचित्रवाणीचे चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. जुन्या प्रक्षेपणात चित्राच्या ६२५ रेघा असत आणि त्यांतल्या ५७६ रेघांवर प्रत्यक्ष चित्र असे. आज ज्याला 'फुल एचडी' म्हणतात त्यात आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात. गुणाकार केला तर २०,७३,६०० ठिपके होतात. 'फोर के' म्हणजे दोन्ही बाजूंनी याच्या दुप्पट, म्हणजे एकूण चौपट ठिपके.

प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला साधारण २४ बिट लागतात, आणि चित्र हलते दिसावे म्हणून सेकंदाला २५ चित्रे दाखवावी लागतात. २०,७३,६०० गुणिले २४ गुणिले २५ म्हणजे सेकंदाला १२४ कोटींहून अधिक बिट. एवढा लोंढा साध्या इंटरनेटवरून वाहून नेणे अशक्य आहे. म्हणून चित्र दाबून लहान करतात. मागच्या चित्रात जी भिंत होती तीच पुढच्या चित्रातही असेल, तर ती पुन्हा पाठवायची नाही. जे हलले तेवढेच पाठवायचे, हे त्यातले मुख्य तत्त्व. दाबण्याच्या या पद्धतीला कोडेक म्हणतात. २००३ साली आलेली 'एच २६४' ही पद्धत आज सर्वत्र चालते. २०१३ साली आलेली 'एच २६५' किंवा 'एचईव्हीसी' ही पद्धत तेच चित्र आणखी कमी जागेत बसवते. परंतु ते उलगडण्याची विद्या दुसऱ्या टोकाच्या यंत्राला यावी लागते. घडी घालणाऱ्याची रीत उघडणाऱ्याला ठाऊक नसेल तर घडी तशीच राहणार.

आता थोडे गणित करू. इंटरनेटवरून फुल एचडी चित्रपट पाहायला सेकंदाला सुमारे ५० लाख बिट, म्हणजे ५ एमबीपीएस एवढा वेग लागतो. हा लोंढा तासभर वाहिला तर सव्वादोन जीबी डेटा खर्च होतो. म्हणजे दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल तर तो चाळीस मिनिटांत संपतो. माझ्या स्टिकने काही अपराध केला नव्हता. तिने चोख हिशेबाने माझा डेटा संपवला होता. हिशेब मी केला नव्हता.

आमच्या नमनाची फाइल ९ जीबीची आणि दोन तासांची. भागाकार केला तर सेकंदाला सुमारे १ कोटी बिट, म्हणजे १० एमबीपीएस. ती इंटरनेटवर चढवून पुन्हा उतरवायची म्हटली तर आमच्या घरी कित्येक दिवस लागले असते. आणि तसे करावे तरी का? लॅपटॉप आणि टीव्ही एकाच खोलीत आहेत. पाच हातांच्या अंतरासाठी सगळ्या जगाला प्रदक्षिणा घालण्याचे कारण नाही.

चार वाटा

संगणकावरचे चित्र दूरचित्रवाणीवर नेण्याच्या मुख्य वाटा चार आहेत. प्रत्येकीचे गुण आणि खोडी वेगळ्या आहेत.

पहिली वाट पेनड्राइव्हची. फाइल त्यावर उतरवायची आणि टीव्हीच्या यूएसबी पोर्टला लावायची. यात नवे उपकरण लागत नाही, इंटरनेट लागत नाही. मात्र दोन अडथळे येतात. एक म्हणजे बाजारातले पुष्कळ पेनड्राइव्ह 'फॅट ३२' पद्धतीने आखलेले असतात आणि त्या पद्धतीत ४ जीबीहून मोठी एकच फाइल मावत नाही, मग पेनड्राइव्ह ६४ जीबीचा का असेना. दुसरी अडचण कोडेकची. मी नमनाची फाइल कापून दोन-तीन तुकडे केले आणि पेनड्राइव्ह टीव्हीला लावला, तर मृदंग ऐकू येऊ लागला आणि पडदा काळा राहिला. भावाच्या नव्या फोनने चित्रण एचईव्हीसी पद्धतीने केले होते आणि आमचा जुना टीव्ही ती पद्धत जाणत नव्हता. अशा वेळी संगणकावर फाइल एच २६४ मध्ये बदलून घेता येते. 'हँडब्रेक' नावाचे विनामूल्य सॉफ्टवेअर ते काम करते. जुन्या लॅपटॉपला त्यासाठी बरेच तास लागतात एवढेच.

दुसरी वाट तारेची, म्हणजे एचडीएमआय केबलची. हे प्रमाण २००२ च्या अखेरीस ठरले आणि आज जवळपास प्रत्येक टीव्हीच्या मागे त्याची जागा असते. या वाटेचे वैशिष्ट्य असे की घडी उलगडण्याचे काम संगणक करतो आणि उलगडलेले चित्र आवाजासह टीव्हीला देतो. सेकंदाला ६० चित्रे धरली तर सुमारे ३०० कोटी बिट त्या बोटभर जाडीच्या तारेतून सुखाने जातात. त्यामुळे टीव्हीला कोणता कोडेक कळतो हा प्रश्नच उरत नाही. इंटरनेट नको, वायफाय नको, चित्र अडखळत नाही. खोडी एवढीच की तार लोंबत राहते आणि लॅपटॉप टीव्हीजवळ ठेवावा लागतो. पाच मीटरपर्यंत साधी केबल निर्धास्त वापरावी. दहा मीटरच्या पुढे साध्या तांब्याच्या तारेवर भरवसा ठेवू नये.

तारेच्या बाबतीत आणखी दोन सावधगिरीच्या सूचना. काही नव्या लॅपटॉपना एचडीएमआयची जागाच नसते, फक्त यूएसबी सी असते. त्यासाठी जोडणी मिळते, परंतु प्रत्येक यूएसबी सी पोर्टमधून चित्र बाहेर पडतेच असे नाही. काही पोर्ट नुसते चार्जिंगचे आणि फाइलींचे असतात. फोनचेही तसेच. म्हणून जोडणी घेण्यापूर्वी आपल्या यंत्राचे माहितीपत्रक पाहावे. दुसरे म्हणजे जुन्या संगणकांना निळ्या रंगाची व्हीजीए जागा असते. तिच्यातून फक्त चित्र जाते, आवाज जात नाही. त्याची वेगळी तार लावावी लागते.

तिसरी वाट आरशाची. संगणकाच्या पडद्यावर जे दिसते ते जसेच्या तसे बिनतारी मार्गाने टीव्हीवर उमटवायचे. २०१२ साली आलेल्या या पद्धतीला मिराकास्ट म्हणतात. विंडोजच्या संगणकावर विंडोजची कळ आणि 'के' एकत्र दाबले की जवळपासचे पडदे दिसू लागतात. ॲपलच्या यंत्रांची एअरप्ले नावाची स्वतंत्र रीत आहे. मिराकास्टमध्ये संगणक आणि टीव्ही थेट एकमेकांशी बोलतात, त्यामुळे इंटरनेट लागत नाही. मात्र पडद्यावरचे चित्र तत्क्षणी पुन्हा दाबून पाठवावे लागते. त्यात थोडी स्वच्छता जाते आणि चित्र किंचित उशिरा पोहोचते. भाषणासोबतची चित्रे दाखवायला हे उत्तम. दोन तासांच्या चित्रपटाला मात्र मधूनमधून अडखळण्याची तयारी ठेवावी. शिवाय सगळे टीव्ही आणि सगळ्या स्टिक ही भाषा जाणतात असे नाही.

चौथी वाट स्टिकची किंवा छोट्या पेटीची. गूगलचे क्रोमकास्ट २०१३ साली निघाले. २०२४ मध्ये त्याचे उत्पादन थांबवण्यात आले, पण त्याची रीत पुढच्या उपकरणांत आणि पुष्कळ टीव्हींत राहिली आहे. ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक भारतात २०१७ साली आली. या वाटेची मेख समजून घेतली पाहिजे, कारण मी तिथेच चुकले. आपण फोनवरचे किंवा संगणकावरचे 'कास्ट' चे चिन्ह दाबतो तेव्हा बहुतेक वेळा चित्र आपल्याकडून जात नाही. आपण स्टिकला फक्त पत्ता सांगतो आणि ती स्वतः इंटरनेटवर जाऊन चित्र आणते. आरशाची वाट म्हणजे पाटी डोक्यावर घेऊन आपणच माल पोहोचवणे. कास्टची वाट म्हणजे कोणाच्या हाती चिठ्ठी देऊन त्याला बाजारात पाठवणे. बाजारच नसेल तर चिठ्ठी घेऊन तो जाणार कुठे?

तरीही घरच्या संगणकातला माल स्टिकला देण्याची एक सोय आहे. जेलीफिन किंवा प्लेक्स यांसारखे सॉफ्टवेअर संगणकावर बसवले की संगणक घरातले छोटेसे प्रक्षेपण केंद्र बनतो, आणि राउटरमार्फत टीव्हीवरील स्टिक त्यातले चित्रपट पाहू शकते. एकदा मांडणी जमली की फाइल घरातल्या घरात फिरते, इंटरनेटचा डेटा खर्च होत नाही. पण राउटर हवा, आणि तो चांगल्या ठिकाणी हवा. वायफायच्या दोन मुख्य लहरी असतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर दूर पोहोचते, पण तिच्यावर गर्दी फार. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान, पण भिंतीपुढे लवकर थकते. आपल्याकडच्या घरांना फूटभर जाडीच्या चिऱ्याच्या भिंती. ओटीवरचा राउटर आणि माजघरातला टीव्ही यांच्यामध्ये अशा दोन भिंती आल्या की खोक्यावर लिहिलेला वेग खोक्यावरच राहतो. त्यातही संगणक ते राउटर आणि राउटर ते टीव्ही या दोन्ही खेपा हवेतून झाल्या तर वाटेवर दुप्पट ओझे पडते. संगणक तारेने राउटरला जोडला तर निम्मे ओझे उतरते.

स्टिक सारखी बंद-चालू का होत होती, तेही मग उमगले. मी तिला वीज टीव्हीच्या यूएसबी पोर्टमधून दिली होती. जुन्या पद्धतीच्या अशा पोर्टमधून ५०० मिलिॲम्पिअर एवढीच वीज मिळण्याची हमी असते आणि स्टिकला त्याच्या जवळपास दुप्पट लागते. सोबत मिळालेला चार्जर भिंतीच्या बोर्डात लावल्यावर तिचा तो आजार बरा झाला.

पडद्याचीही कुवत असते

खरेदीला जाताना मी आणखी एक गोष्ट पाहिली नव्हती, ती म्हणजे आमचा टीव्ही. तो ३२ इंची, 'एचडी रेडी' या नावाने विकला गेलेला. त्याच्या पडद्यावर आडवे १,३६६ आणि उभे ७६८ ठिपके आहेत. म्हणजे एकूण साडेदहा लाखांच्या आत, फुल एचडीच्या जेमतेम निम्मे. 'फोर के' स्टिकमधून कितीही बारीक चित्र आले तरी तो पडदा त्याच्या आठव्या हिश्श्याएवढेच ठिपके दाखवू शकतो. शेरभर भांड्यात आठ शेर दूध ओतण्यातला हा प्रकार. वाटेतल्या सगळ्या साधनांपैकी ज्याची कुवत सर्वांत कमी, तीच संपूर्ण वाटेची कुवत ठरते. जास्त पैसे खर्चायचे तर त्या अरुंद जागेवर खर्चावेत; जिथे वाट आधीच रुंद आहे तिथे नव्हे.

हीच गोष्ट मूळ चित्राला लागू पडते. उदाहरणार्थ, 'श्यामची आई' हा आचार्य अत्रे यांचा चित्रपट घेऊ. साने गुरुजी आपल्याच जिल्ह्यातल्या पालगडचे. त्यांच्या पुस्तकावरील या चित्रपटाला १९५४ साली, राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. मराठीच्या वर्गात हा चित्रपट दाखवायचा ठरला आणि मिळालेली प्रत धूसर असली, तर मोठा टीव्ही आणि महाग उपकरण ती स्वच्छ करणार नाहीत. उलट ५५ इंची पडद्यावर तिचे दोष ठळक दिसतील. त्या प्रसंगी पैसे उपकरणावर न घालता चांगली प्रत मिळवण्याची खटपट करणे शहाणपणाचे.

जुन्या चित्रपटांच्या बाबतीत आणखी एक चूक सर्रास आढळते. प्रभातचा १९३६ सालचा 'संत तुकाराम' किंवा 'श्यामची आई' हे चित्रपट ज्या काळातले, त्या काळी पडदा साधारण चारास तीन या प्रमाणाचा असे. आजचा टीव्ही सोळास नऊ या प्रमाणाचा. पडदा भरून दिसावा म्हणून पुष्कळ टीव्ही चित्र आडवे ताणतात. मग तुकोबा स्थूल दिसतात आणि श्यामची कृश आई अकारण धष्टपुष्ट होते. टीव्हीच्या चित्र-मांडणीत जाऊन ताणण्याची सोय बंद करावी आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात. त्या पट्ट्या दोष नव्हेत. दिग्दर्शकाने जेवढे दाखवले तेवढेच आपण पाहतो आहोत, याची ती खूण आहे.

एखादे वेळी सगळे नीट जोडूनही पडदा काळा राहतो आणि फक्त आवाज येतो. पैसे भरून पाहण्याच्या सेवांवरील चित्रपटांना नकलेपासून संरक्षण असते. केबल, जोडणी आणि टीव्ही या साखळीतल्या एखाद्या दुव्याला ते संरक्षण ओळखता आले नाही तर चित्र अडवले जाते. अशा वेळी केबल खराब आहे असे समजून दुसरी आणू नये. मधली स्वस्त जोडणी काढून थेट तार लावून पाहावी.

घेण्यापूर्वीचे पाच प्रश्न

दुकानात जाण्यापूर्वी घरी बसून पाच प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत, असे आता मी सर्वांना सांगते.

पहिला प्रश्न, पाहायचे चित्र कुठे आहे? संगणकात आहे की इंटरनेटवर? संगणकात असेल तर तार किंवा पेनड्राइव्ह, इंटरनेटवर असेल तर स्टिक, ही पहिली विभागणी.

दुसरा प्रश्न, घरात इंटरनेट कोणते आहे? तारेचे असेल आणि डेटाची चिंता नसेल तर स्टिक सुखाची. फोनच्या हॉटस्पॉटवर अवलंबून असाल तर तासाला सव्वादोन जीबी हा आकडा लक्षात ठेवावा. आपल्याकडे पावसाळ्यात वीज आणि इंटरनेट यांचा भरवसा नसतो हेही धरावे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांत वीज आणि फोन बरेच दिवस बंद होते. वीज परत आली तरी इंटरनेट त्याच दिवशी येते असे नाही, आणि तेवढ्या काळात घरातल्या फाइलीच कामास येतात.

तिसरा, टीव्हीच्या मागे कोणत्या जागा आहेत आणि पडद्यावर ठिपके किती? मागे फक्त लाल, पांढरी, पिवळी अशी तीन छिद्रे असतील तर एचडीएमआयपासून तिथपर्यंत रूपांतर करणारी डबी मिळते. पण चित्र जुन्या ५७६ रेघांच्या योग्यतेवर उतरेल. त्यासाठी एचडी उपकरण घेणे व्यर्थ.

चौथा, पाहणारे किती आणि कोण? एकट्याला पाहायचे असेल तर लॅपटॉप पुरेसा आहे. म्हाताऱ्या माणसाला रोज स्वतः लावून पाहायचे असेल तर तार आणि लॅपटॉपपेक्षा साधा रिमोट असलेली स्टिक बरी. चाळीस विद्यार्थ्यांच्या वर्गात दाखवायचे असेल तर लांब तार आणि स्वतंत्र स्पीकर यांची तजवीज आधी हवी, कारण टीव्हीचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोहोचत नाही.

पाचवा आणि शेवटचा, आपल्याजवळ जे आहे त्यात काम भागते का? हा प्रश्न दुकानदार विचारणार नाही. तो आपणच विचारायचा.

उत्तर काय निघाले

या पाच प्रश्नांची आमच्या घरची उत्तरे अशी निघाली. चित्र लॅपटॉपमध्ये. इंटरनेट फोनपुरते. टीव्हीला एचडीएमआयच्या दोन जागा. पाहणारे घरातले पाच आणि शेजारचे दहा. लॅपटॉप जवळ होताच. म्हणजे लागणारी वस्तू एकच, तीन मीटरची केबल. ती अडीचशे रुपयांना मिळाली. लॅपटॉपवर व्हीएलसी उघडून फाइल लावली आणि विंडोजची कळ व 'पी' दाबून चित्र टीव्हीवर पाठवले. एवढेच काम होते. ती महाग स्टिक मी नाचण्याला राहणाऱ्या आत्याकडे दिली. तिच्याकडे तारेचे इंटरनेट आहे, दोन खोल्यांचे घर आहे आणि तिला रोज संध्याकाळी मालिका पाहायच्या असतात. तिथे ती स्टिक उत्तम चालते. आत्याने तिचे पैसे वडिलांना हप्त्याने दिले. वस्तू तीच होती. एका घरी निरुपयोगी ठरली आणि दुसऱ्या घरी नेमकी. म्हणून 'सर्वांत चांगले उपकरण कोणते' या प्रश्नाला उत्तर नसते. 'कोणाच्या घरी' हे आधी सांगावे लागते.

त्या रात्री आमच्या माजघरात पूर्ण दोन तास नमन झाले. शेजारची मंडळी जमिनीवर चटया टाकून बसली. आजी खुर्चीत. संकासुर आला तेव्हा ती पुढे वाकली आणि मुखवट्याआडचा माणूस कोण ते तिने चालण्यावरून ओळखले. मृदंगवाल्याचा एक हात चुकला तोही तिने सांगितला. संपल्यावर वडिलांनी विचारले, "ह्याला किती पडले?" मी म्हटले, "अडीचशे." ते हसले आणि म्हणाले, "मग त्या तीन हजारांत काय शिकलीस ते लिहून ठेव."

ते लिहून ठेवले तो हा लेख. आपण शिकलेली मुले घरी गेलो की घरची माणसे आपल्याकडे उत्तरे मागतात. उत्तर ठाऊक नसले तरी ठाऊक असल्यासारखे वागण्याचा मोह होतो, आणि त्याची किंमत आपण नव्हे, ती माणसे मोजतात. माझ्या चुकीची किंमत आंब्याच्या पेट्यांत मोजली गेली होती. उत्तर देण्याआधी नीट प्रश्न विचारावा, कागद घेऊन गुणाकार करावा आणि मग बाजारात जावे, एवढे जरी एखाद्या वाचकाला यातून पटले तरी हा खटाटोप सार्थकी लागला असे मी समजेन.